रुथचं तारू

मी एका आठ वर्षांच्या मुलीला फसवलं. तिचं नाव रुथ. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, पाळकसाहेबांना नाही. प्रार्थनेतसुद्धा इथवर आले की घाईनं पुढे सरकते.

मी बोहारीण होते. जुन्या कपड्यांवर भांडी द्यायची. डोक्यावर पाटी घेऊन रत्नागिरीचे चढ चढले, तेव्हा कुठे बाजारात भांड्यांचं दुकान झालं. आमच्या धंद्याची एक रीत आहे — जी साडी हवी, तिला आधी नावं ठेवायची. काठ विटलाय, पदर विरलाय... समोरची बाई स्वतःच म्हणाली पाहिजे, न्या बाई एकदाची.

१९९८च्या मे महिन्यात चर्चमध्ये मुलांचा हातकामाचा दिवस ठरला. म्हटलं, मी चालवते. पाळकबाई हो म्हणाल्या, पण मागच्या बाकावरची एक बाई हसली. "ही काय शिकवणार मुलांना? फाटक्याचं मोल करायला?" ते किती लागलं, तुम्हाला कसं सांगू? यांना दाखवतेच, असं ठरवलं. पण नमुना करायला बसले, तर हातून कागदाचं फूलही होईना.

आदल्या संध्याकाळी रुथ दुकानात आली. शेजारच्या नर्सबाईंची मुलगी. पोफळीची रुंद, वाळकी विरी, म्हणजे झावळीच्या देठाचं चामड्यासारखं आवरण, झाडाखाली पडते ना, तिचं नोहाचं तारू केलेलं. आत चिंचोक्यांचे प्राणी, दोन-दोन. असं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं. आणि तोंडातून काय निघालं?

"कललंय गो हे."

"हत्ती एका बाजूला बसलेत ना, मावशी. त्यांना खिडकी हवी होती."

"कललेलं तारू बुडतं. आणि हे प्राणी की माश्या? दे इकडे, यावर एक पेला देते."

तिनं तारवाकडे एकदा नीट पाहिलं. स्टीलचा पेला घेतला आणि गेली.

दुसऱ्या दिवशी ते तारू मी माझा नमुना म्हणून टेबलावर मांडलं. खाली पुठ्ठ्याची घडी सरकवून सरळ उभं केलं — एवढंच माझं हातकाम. ती हसणारी बाईसुद्धा म्हणाली, "कला आहे हो तुमच्या हातांत!" मग रुथ आली. ती तारवाभोवती फिरली, माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "मावशी, किती छान नीट केलंत तुम्ही."

मी काय केलं? तिच्या हातात कात्री दिली आणि कागद कापायला बसवलं.

पुढची दहा वर्षं दर मे महिन्यातला तो हातकामाचा दिवस माझ्याकडेच राहिला. ज्या बायकांशी भांडायला गेले होते, त्यांनी मुलांच्या खाऊपासून झाडलोटीपर्यंत साथ दिली. ती हसणारी बाई तर माझ्या आजारपणात आठवडाभर पेज घेऊन आली. आम्हाला मूल नाही, पण मे महिना आला की दारात पोरंच पोरं. देवाचे आभार मानते, मनापासून मानते — आणि दरवेळी ठाऊक असतं, हे रुथच्या जिवावर मिळालंय.

ती दरवर्षी यायची. कागद कापायची, खळ शिजवायची, लहानांची नाकं पुसायची. स्वतः काही करायची नाही. "मला नाही जमत, मावशी." एकदा तरी मी सांगायचं होतं ना — एकदा?

मग ती चिपळूणला डी.एड.ला गेली. तिथून फोन आला. "मावशी, हातकामाचा पाठ घ्यायचाय. मला येत नाही हे तुम्हाला माहितीच आहे. नमुना तुम्ही करून द्याल?"

तेव्हा सांगता आलं असतं. फोनवर, तोंड न दाखवता. मी म्हटलं, "पाठवते हो." दुसरीकडून करवून घेतला आणि पाठवला.

तिचं आभाराचं पत्र आलं. दोन पानी.

ती आता मुलांना शिकवणार, आणि आपले हात वाईट आहेत असं मानतच शिकवणार. याचा जाब कुणीतरी तिला दिलाच पाहिजे. तो मीच द्यायचा आहे. अजून दिलेला नाही.