जर्दाळूच्या पाकातला हिंग

भैरवी फळांचा टार्ट करायची, खुसखुशीत बिस्किटासारख्या पारीवर ताजी फळं मांडलेला. कतारमध्ये, दोहातल्या मराठी घरांत तो प्रसिद्ध होता तो त्याच्या चकाकीमुळे. कृती साधीच होती. जर्दाळूचा जॅम चमचाभर पाणी घालून मंद आचेवर पातळ करायचा, गाळायचा, लिंबाचे थेंब पिळायचे आणि कोमट असतानाच ब्रशने स्ट्रॉबेरी, किवीवर फिरवायचा. पाक झाला की नाही, हे ती वासावरून ओळखायची.

गेल्या वर्षी तिला जबर ताप आला आणि वास गेला तो परत आलाच नाही. आंबट-गोड तेवढं जिभेला कळायचं. हे तिने फक्त नवऱ्याला, श्रेयसला सांगितलं आणि म्हणाली, "कुणाला बोलू नकोस. लोक माझ्या हातचं खाणार नाहीत."

श्रेयसला त्यात गंमत सापडली. तो तिला डोळे मिटायला लावून नाकाशी कधी अत्तर धरायचा, कधी फिनेल. चुकली की हसायचा.

एका शुक्रवारी अल नस्रमधल्या त्यांच्या फ्लॅटवर श्रेयसचे साहेब अरुणकुमार आणि त्यांची बायको लता जेवायला आले. पाक गाळून ठेवून भैरवी साडी बदलायला आत गेली. तेवढ्यात श्रेयसने पातेल्यात हिंग ढवळला आणि पाहुण्यांना म्हणाला, "बघा आता. हिला पत्ताही लागणार नाही."

ती आली, पाक कोमट केला. घरभर हिंगाचा भपकारा सुटला. ती मन लावून एकेका फळावर ब्रश फिरवत होती. हॉलमध्ये अरुणकुमार तोंडावर रुमाल धरून बसले होते.

"आधी तू खा," श्रेयस म्हणाला.

तिने घास घेतला. "छान झालाय की. लताताई, तुम्हीही घ्या ना."

अरुणकुमारांना हसू आवरेना. लता म्हणाली, "अहो, पुरे." पण हसू तिच्याही ओठांवर होतं. मग श्रेयसने सगळं उलगडून सांगितलं, तिचा वास गेल्याचंसुद्धा. भैरवीने तोंडातला घास गिळला आणि बशा उचलल्या.

"जोक होता गं," श्रेयस मागून म्हणाला. "खलास. विसर."

लताने ते चार घरी सांगितलं. गणपतीत भैरवीने प्रसादाचा शिरा करते म्हटलं, तर बायकांनी तिला अगदी प्रेमाने कागदी द्रोण मांडायला बसवलं. त्यानंतर तिला कोणी टार्ट सांगितला नाही. शेजारची तय्यबा तेवढी म्हणाली, "मुझे बुला लिया करो, मैं सूँघ दूँगी." भैरवीने तिला कधी बोलावलं नाही.

घरचा स्वयंपाक मात्र ती करतच राहिली. काही दिवसांनी तिच्या लक्षात आलं, की श्रेयस आमटीची वाटी तोंडाला लावण्याआधी हळूच हुंगतो. भाजी हुंगतो, ताकसुद्धा. एकदा चहा तसाच बेसिनमध्ये ओतून तो ऑफिसला गेला. दिवसेंदिवस तो घरी कमी जेवू लागला, आणि गळ्याची हाडं दिसू लागली.

शेवटी त्याने विचारलंच, "तू यात काही घालत नाहीस ना?"

तिने कधीच काही घातलं नव्हतं. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "जेव. गार होतंय."

त्याने ताट बाजूला सारलं. ती शांतपणे आपलं जेवत राहिली.