उड्या, निवांत आणि न झालेल्या धावा

अमेरिकेतले बेसबॉलचे सामने आम्ही झोपेत असताना होतात. शनिवारी सकाळी उठून, लंडनजवळच्या स्लाऊमधल्या आमच्या घरात, अंगावरच्या पांघरुणासकट सोफ्यावर बसून मी आणि माझी लेक ते रेकॉर्डिंग बघतो. कोण जिंकलं हे केव्हाच ठरून गेलेलं असतं, त्यामुळे जिवाला घाई नसते. बाहेर बहुधा ढगाळ असतं, पडद्यावर मात्र कुठल्यातरी लांबच्या गावची संध्याकाळ उतरत असते, गवत हिरवंगार, माणसं पांढऱ्या कपड्यांत. त्या वेळी मला कुणी हाक मारली की मी चिडतो. बायको म्हणते, हा माणूस उठून पुन्हा झोपतो.

लेक इथेच जन्मली, आता सेकंडरीत आहे. शाळेत राउंडर्स, म्हणजे बेसबॉलसारखाच इथला एक खेळ, खेळताना तिचे झेल बघून खेळाच्या बाईंनी तिला हाउन्सलोकडच्या एका बेसबॉल क्लबचा पत्ता दिला. ती सेंटर फील्डला उभी राहते, म्हणजे फलंदाजाच्या थेट समोर, पण पार लांब, जिथे उंच उडालेले चेंडू येतात. विमानतळ जवळच, त्यामुळे मैदानावरून विमानं चाकं काढून इतकी खाली येतात की नवीन आलेली मुलं खेळ सोडून वर बघत बसतात. आमची बघत नाही. ती फक्त बॅटकडे बघते. स्वतःच्या हातात बॅट आली की मात्र सगळा आनंदच आहे. बॅट जड आहे, ऊन डोळ्यावर येतं, आज ग्रिप नीट नाही. नाचता येईना, अंगण वाकडं.

या उन्हाळ्यात क्लबची मुलं एका टूर्नामेंटला जायची होती. मैदानात नऊ जण, बाकीचे बाकावर. इतर जागा ठरल्यातच जमा होत्या; सेंटर फील्डसाठी दोघं उरली, आमची लेक आणि एक मुलगा. बॅटिंगमध्ये दोघंही सारखीच बेताची. तो मुलगा चेंडूमागे धावत जायचा, शेवटी अंग झोकून द्यायचा आणि गवतात लोळत जाऊन चेंडू वर धरायचा. मग सगळं मैदान टाळ्या वाजवायचं. मीही वाजवायचो, खोटं कशाला बोलू. रविवारच्या मॅचमध्ये दोघांना अर्धा-अर्धा वेळ खेळवून कोच ठरवणार होते. लेकीला त्या नऊ जणांत यायचंच होतं. जेवताना तेच, दात घासताना तेच.

आदल्या दिवशी, शनिवारी, तिनं विचारलं, "बाबा, उड्या बेटर की निवांत? होल करिअर बघून सांग."

हे दोघे आमचे लाडके खेळाडू. दोघेही केव्हाच निवृत्त झाले, आम्ही मधूनमधून त्यांचे जुने सामने लावतो, त्या दिवशीही लावला होता. खरी नावं आम्ही कधी वापरत नाही. उड्या शॉर्टस्टॉपला खेळायचा, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, जिथे चेंडू जमिनीवरून सणसणत येतो. त्याचं अर्धं आयुष्य हवेत आडवं गेलं. निवांत सेंटर फील्डला. चेंडू खाली येईपर्यंत हा तिथे आधीच पोचलेला, बसची वाट बघत उभा असल्यासारखा. बॅटिंगच्या नावानं दोघांचीही बोंब.

असा प्रश्न आला की माझी तंद्री लागते. मी वेअरहाउसच्या सॉफ्टवेअरमध्ये दिवसभर आकडे बघतो, पण इथले आकडे धुक्यातले. मारलेली धाव मोजता येते. अडवलेली धाव झालेलीच नसते, ती मोजायची कशी? पूर्वी फक्त हातून सुटलेले चेंडू मोजायचे. म्हणजे जो धावला, पोचला आणि ज्याच्या हातून निसटलं, त्याच्या नावावर चूक. जो पोचलाच नाही त्याची पाटी कोरी. झाकली मूठ सव्वा लाखाची. आता जाणकार लोक वेगळं विचारतात: या गड्याच्या जागी हाताशी असलेला कुणीही साधा खेळाडू उभा केला असता, तर काय काय झालं असतं? जे झालं असतं आणि झालं नाही, ती याची किंमत. पण त्यातही प्रत्येकाचा हिशेब निराळा निघतो. शॉर्टस्टॉपची जागा अवघड, म्हणून उड्याला जास्त द्यायचं. पण निवांत म्हातारा होईपर्यंत टिकला आणि त्याच्यासमोर उडालेले कितीतरी चेंडू दुसऱ्या कुणाच्या डोक्यावरून गेले असते. आणि उड्याच्या त्या उड्या? त्यातल्या काही तो उशिरा निघाला म्हणून माराव्या लागल्या. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं.

"माझं मत निवांतला," मी म्हणालो. "त्यानं किती धावा वाचवल्या असतील, कुणाला पत्ताही लागला नाही."

ती गोंधळली. "रन्स वाचले? त्याच्यावर काय लिहिलेलं असतं?"

मी आधी हसलो. वाचणे म्हणजे पुस्तक वाचणे, एवढंच तिला माहीत. मग मी समजावायला लागलो, की मराठीत माणूस पुस्तक वाचतो आणि अपघातातूनही वाचतो, आणि दुसऱ्याला वाचवतो. समजावता समजावता माझंच बोलणं मंदावलं. पडद्यावर चेंडू बॅटला लागत होता आणि निवांत एक पाऊल आधीच निघाला होता. फलंदाजाच्या खांद्यात, बॅटच्या उतारात त्याला काहीतरी दिसलं होतं, जे आम्हा दोघांनाही दिसलं नव्हतं. तो वाचत होता, म्हणून वाचवत होता. पोरीनं चुकून बरोबर प्रश्न विचारला होता. मला इतका आनंद झाला की मी चहाचा कप घेऊन नुसताच बसून राहिलो.

ती पडद्याकडेच बघत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "पण बाबा, निवांतला कोणी क्लॅप करत नाही. मी उद्या थोडा लेट स्टार्ट करू का? मग मलापण डाइव्ह मारायला लागेल. कोचला दिसेल."

स्वयंपाकघरातून बायकोनं डोकावून माझ्याकडे बघितलं. मी कपातला गार झालेला चहा पिऊन टाकला. नको म्हणावं, तर तिची जागा जाईल. कर म्हणावं, तर तिच्याकडे जे आहे तेच मी बिघडवून ठेवीन. रेकॉर्डिंग पुढे चालत राहिलं.

रविवारी मऊ ऊन होतं. पहिला अर्धा वेळ त्या मुलाचा. त्यानं एक सुरेख झेप घेऊन झेल घेतला, टाळ्या पडल्या. मग आमची लेक आत गेली. बराच वेळ तिच्याकडे काही आलंच नाही. विमानं येत होती, जात होती, त्यांची सावली गवतावरून सरकत होती आणि ती त्या सावल्यांमध्ये इवलीशी उभी होती. मग एका दणकट पोरानं चेंडू असा मारला की तो तिच्या डोक्यावरून मागे जाणार, हे मलासुद्धा कळलं. मी तिच्या पायांकडे बघितलं. ती वळून केव्हाच धावत सुटली होती. पाठमोरी धावली, थांबली, वळली, हात वर केला. चेंडू तिच्या ग्लव्हमध्ये येऊन पडला, घरी आल्यासारखा. एकही टाळी वाजली नाही. माझ्या शेजारी कोच पेन्सिल चावत म्हणाले, नशीबवान आहे, चेंडू अगदी हातातच आला. मी त्यांना दोन शब्द सुनावायला तोंड उघडलं. लांबून लेकीनं मान हलवली, नको.

मॅच संपल्यावर कोचनी नऊ नावं वाचली. तिचं नव्हतं. तिनं त्या मुलाशी हात मिळवला, बॅग उचलली आणि गाडीत येऊन बसली.

गाडी एम-फोर हायवेला लागली. मी तिची समजूत घालायला शब्द जुळवत होतो. पुढच्या वर्षी, वगैरे.

"मी ठरवलं होतं," ती म्हणाली. "लेट निघायचं. वन, टू म्हणायचं आणि मग पळायचं. मी प्रॉमिस केलं होतं मला. पण तो बॉल आला आणि माझे पाय आधीच पळाले. मी वन पण नाही म्हटलं, बाबा. पायांनी माझं ऐकलंच नाही."

मला वाईट वाटायला हवं होतं. पण गाडी चालवताना माझा ऊर असा भरून आला की पुढचा रस्ता धूसर झाला.

"बरं झालं नाही ऐकलं," मी म्हणालो.

तेव्हा ती रडायला लागली, आणि मी तिला घर येईपर्यंत रडू दिलं.