सहावा पंजा

इस्पितळाच्या तळघरात कृत्रिम हातपाय बनवायची एक खोली होती. तिथल्या कारागिराला सगळे प्लास्टरकाका म्हणत. एकतीस वर्षं प्लास्टर कालवून कालवून त्यांच्या नखांच्या कडा कायमच्या पांढऱ्या झाल्या होत्या. एके काळी त्या खोलीत सात जण होते. कुणी निवृत्त झालं, कुणी सोडून गेलं, नवं माणूस काही आलं नाही. उरले काका आणि त्यांचे गुडघे. "गुडघे माझ्याआधी रिटायर झालेत," असं ते जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबून म्हणायचे. ऐकणारा हसायचा. काका हसत नसत.

काम वेळखाऊ होतं. उरलेल्या अवयवावर ओली पट्टी गुंडाळायची, सुकली की कापून काढायची, त्या पोकळीत प्लास्टर ओतायचं, तो ठोकळा कानशीनं घासून आकाराला आणायचा आणि मग त्यावर तापवलेलं प्लास्टिक ओढायचं. एका हाताला तीन आठवडे लागत. बसला नाही तर पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे जरासं टोचणारं, जरासं सैल असलेलं चालवून घ्यायला पेशंटही शिकले होते आणि काकाही.

एका सोमवारी खोलीत नवं मशीन आलं. सोबत वरच्या ऑफिसातली कॉम्प्युटरताई. बाई चाळिशी ओलांडलेली. पंधरा वर्षं लोकांच्या प्रिंटरमध्ये अडकलेले कागद ओढून काढून वैतागलेली.

"मशीनच्या नावात प्रिंटर आहे ना, म्हणून मला पाठवलंय," ती खुर्चीत धपकन बसत म्हणाली. "दोन आठवड्यांचं ट्रेनिंग झालंय. फार अपेक्षा ठेवू नका."

"पण हे छापतं काय?"

"वस्तू. कॉम्प्युटरवर वस्तूचा आकार सगळ्या बाजूंनी काढायचा. मशीन त्याचे कागदासारखे पातळ काप पाडतं. ही प्लास्टिकची तार वितळून बारीक धार होते. त्या धारेनं एक काप काढायचा, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. थरावर थर चढत वस्तू उभी राहते."

"कुंभारीण माशी भिंतीवर मातीचं घर बांधते तसं."

"तसंच म्हणा. वरच्या डॉक्टरांना पेशंटच्या हाडाची हुबेहूब प्रत हवीय, ऑपरेशनची तालीम करायला. कानाच्या मशीनला नेमक्या त्या कानात बसेल असा साचा करता येतो. जुन्या यंत्रांचे बाजारात न मिळणारे भागसुद्धा. आणि तुमचे हातपाय."

काकांनी मान हलवली. रिटायर व्हायला दोन वर्षं उरलेली असताना नव्यानं काही शिकणं त्यांच्या जिवावर आलं होतं.

त्याच आठवड्यात पुठ्ठेवाला आला. हा बुकबाइंडर. आठ वर्षांपूर्वी कागद कापायच्या यंत्रात त्याच्या डाव्या हाताची चारही बोटं गेली होती. अंगठा तेवढा वाचला होता. काकांनीच त्याला पंजा करून दिला होता. त्वचेच्या रंगाचा, नखं रंगवलेला. दोन पावलांवरून ओळखू यायचा नाही. आपल्या हातून झालेलं सगळ्यात देखणं काम म्हणून काका तो पंजा मनात जपून होते.

पुठ्ठेवाल्यानं पिशवीतून एक खोकं काढून टेबलावर ठेवलं. आत तो पंजा होता. नवाकोरा.

"काका, राग मानू नका. हा कुणाला उपयोगी पडला तर द्या."

"वापरला नाहीस?"

"फोटो काढायचा असला की बायको घालायला लावायची. कामाला काय करू त्याचं? कागदाची गड्डी दाबून धरायला गेलं की घसरतो. आठ वर्षं कोपरानं दाबून शिवतोय. आता खांदा गेला."

काकांनी खोकं उचलून फळीवर ठेवलं आणि उगाच हात धुतले. शेवटी त्यांनी विचारलं, "तुला हातानं नेमकं काय करायचंय?"

"गड्डी दाबायचीय. आणि घडी पक्की बसायला तिच्यावरून कड फिरवायचीय. बस."

एकतीस वर्षांत हा प्रश्न आपण किती जणांना विचारला, ते काका आठवू लागले. मग त्यांनी आठवायचं सोडून दिलं.

त्यांनी मेणाचा आकार कोरला, ताईनं मापं घेऊन तो कॉम्प्युटरवर काढला. पहिला पंजा दुपारपर्यंत तयार झाला आणि गड्डीवर जोर देताच कटकन मोडला. काकांनी तुकडा उजेडात धरला. "थरांच्या सांध्यात सुटलाय. लाकडाच्या रेषा चुकल्या की असंच होतं. आडवा छाप." दुसरा मोडला नाही, पण जुन्या जखमेच्या वणावर घासला. तिथे पोकळी हवी, हे मशीनला कुठून कळणार? काकांच्या अंगठ्याला कळत होतं. तिसरा घसरला. चौथा वेडावाकडा निघाला, कारण छापता छापता तारेचा गुंता झाला आणि ताईला डुलकी लागली होती.

"माझी चूक," ती म्हणाली. "घरी आई आजारी. झोपच नाही."

"असू दे. उद्या दुसरा काढू."

बोलून गेल्यावर काकांनाच नवल वाटलं. एवढ्या चुका प्लास्टरमध्ये केल्या असत्या तर तीन महिने गेले असते. इथे बारा दिवसांत चार फसले होते आणि कुणी कुणावर खेकसलं नव्हतं.

पाचवा जड झाला. सहावा पंजा मुळी पंज्यासारखा दिसतच नव्हता. रंग राखाडी, खाली रबर लावलेलं रुंद पाऊल, कडेला बोथट धार. एखाद्या बदकानं पाय विसरून जावा तसा. पुठ्ठेवाल्यानं तो चढवला, गड्डी दाबली, सुई घातली. दहा टाके घालून झाले तरी कागद जागचा हलला नाही. त्यानं घडीवरून कड फिरवली. खांदा खालीच राहिला.

"फोटोला चालणार नाही," काका म्हणाले.

"फोटोला तो जुना आहे की! द्या परत, बायको विचारेल." दोघंही हसले, पण पुठ्ठेवाल्याचे डोळे भरले होते आणि काका दुसरीकडे बघत होते.

तो दोन्ही पंजे घेऊन गेल्यावर ताई म्हणाली, "काका, आनंद नाही झाला?"

"झाला ना. पण आठ वर्षं त्याचा खांदा दुखला, त्याचं काय?"

ताईनं त्यांच्यासमोर चहा ठेवला.

बाहेर पुढची पेशंट बसली होती. पाऊल गेलेली एक आजी, सोबत सून. काका पट्टी भिजवायला वळले, मग थांबले, आणि कण्हत तिच्यासमोरच्या स्टुलावर बसले.

"आजी, पायानं काय काय करायचंय तुम्हाला?"

"मला?" आजी चकित झाली. "मला काही नाही करायचं, बाबा. पन्नास वर्षं करतेच आहे. न्हाणीघरात कुणाला हाक न मारता जाता आलं पाहिजे, एवढंच."

काकांनी ते वहीत लिहून घेतलं आणि न्हाणीघराला किती पायऱ्या आहेत, ते सुनेला विचारलं.