पिळाच्या धामणीचा कमठा

दसऱ्याला आमच्या गावात आपट्याची पानं लुटायच्या आधी एक बाण सुटतो. शिवेवर शेंदूर लावलेला दगड आहे. पन्नास पावलांवरून त्या दगडाच्या पलीकडं बाण टाकायचा, मग लोक आपट्याला हात लावतात. बाण टाकायचा मान आमच्या घराचा. नेम धरायचा नसतो, पल्लाही काही मोठा नाही. अट एकच. कमठा, म्हणजे धनुष्य, घरी केलेला पाहिजे अन् लाकूड आपल्या बांधावरचं पाहिजे.

वडिलांच्या हातचा कमठा माझ्या म्हातारपणापर्यंत चालला. मग त्यात भुंगा शिरला. तीन वर्षांखाली दसऱ्याला ओढायला गेलो तर तो मधोमध मोडला अन् हातात भुसा आला. मी बाण हातानंच फेकला. तो दगडाच्या अलीकडं पडला. लोकांनी त्या दिवशी चालवून घेतलं, पण पारावर ठरलं की पुढच्या दसऱ्यापर्यंत घरचा कमठा झाला नाही तर हिंगोलीतून विकतचा आणायचा, अन् ज्याच्या अंगात जोर असंल त्यानं बाण टाकायचा. मी तिथंच सांगितलं, "कमठा व्हईल." चौथी नापास माणूस आहे मी, पण बोललेलं मागं घेतलेलं नाही कधी.

कमठ्याला धामणीचं लाकूडच लागतं. आमच्या बांधावर पूर्वी सात-आठ धामणी होत्या. काही कुऱ्हाडीच्या दांड्यांना गेल्या, काही बांध कोरताना जेसीबीनं गेल्या. एकच उरली होती. ती लहान असताना तिला गुळवेलीनं वेढे घातले होते. वेल कधीच वाळून गेली, खोडाचा पीळ राहिला. दिवाळी झाल्यावर ती मी बुडातून तोडली अन् पाचरी ठोकून उभी फोडली. चीर सरळ गेलीच नाही, बुडापासून शेंड्यापर्यंत फिरत गेली.

धाकटा भाऊ शेजारीच राहतो, आमच्यात एक भिंत आहे. तो येऊन बघून गेला.

"दादा, हे लाकूड हाय का पिळून वाळत घातलेलं धोतर?"

"तू तुझं बघ."

"मी म्हणून राहिलो, विकतचाच आणू. बाण तुमीच टाका, लोकाला मी सांगतो."

"विकतचा आणायला मी मेलो का?"

चुलीपाशी बसलेली माझी बायको, आमची म्हातारी, म्हणाली, "सुंभ जळला तरी पीळ जात न्हाई म्हणत्यात. लाकडाचं मला ठाऊक न्हाई, पण घरात एक हायेच तसं."

दोन्ही टोकांना शेण लावून ते लाकूड मी गोठ्याच्या आढ्याला चढवलं. उन्हाळ्यात खाली काढलं अन् तासायचा वाकस घेऊन बसलो. वडिलांनी मला कमठ्याची एकच गोष्ट शिकवली होती. सालीकडची बाजू ही कमठ्याची पाठ. ओढताना ती बाहेर राहते अन् सगळा ताण तिच्यावर येतो. साल तेवढी सोलायची, मग पाठीला हत्यार लावायचं नाही. जे काय तासायचं ते पोटाकडून. वडील म्हणायचे, "वाकडा दिसू दे, पण पाठीचा धागा तोडू नको."

मी पोटाकडून तासत गेलो. पीळ काढायला करडीचं तेल चोपडून गोवऱ्यांच्या आरावर धरायचं, हाताला सोसवंना झालं की गाडीच्या धुरेला बांधून दुसऱ्या टोकाला दगड लटकवायचा, असं चार वेळा केलं. उजव्या हाताचा अंगठा आता मिटत नाही, म्हणून वाकस दोन्ही हातांनी धरावा लागायचा. जिथं वडिलांना आठ दिवस लागले असते तिथं मला दोन महिने लागले. शेवटी अंबाडीची दोरी चढवली तर ती बराबर मधून गेली. भावानं एक डोळा मिटून बघितलं.

"जमलं की वो दादा."

त्या दिवशी मी एक भाकर जास्त खाल्ली.

पावसाळ्यात लाकडानं ओल धरली. श्रावणात खुंटीवरून काढला तर पीळ परत आलेला. दोरी एका कडेला सरकलेली, कमठ्याचा वरचा हात इकडं अन् खालचा हात तिकडं. परत शेकला, परत बांधला. आठ दिवसांत परत तेच.

पण एक गोष्ट सांगायची राहिली. तसल्या वाकड्या कमठ्यानं मी घरामागं कडब्याच्या गंजीवर दोन बाण टाकले होते. साठ पावलांवरून. दोन्ही बाण गंजीत शिरले. कमठा जरा हातात फिरायचा, पण ओढला की खालीवर सारखा वाकायचा, कुठं कुरकुर नाही. दगडाच्या पलीकडं जायला तेवढं भरपूर होतं.

नवरात्रात लोक बघायला येऊ लागले. पारावरच्या एकानं विचारलं की म्हशीचं शिंग कुठून आणलं. सगळे हसले, मीही हसलो. भाऊ हसला नाही. तो म्हणाला, "बाण जाईल दादा. पण लोक बाणाकडं बघतील का कमठ्याकडं?"

दसऱ्याला दोन दिवस राहिले होते. दुपारी घरात कोणी नव्हतं. मी वाकस घेतला अन् पाठीला लावला. जिथं जिथं फुगवटा होता तिथं तासला, मग काचेनं खरवडला, वरून तेल-हळद चोळली. कमठा असा सरळ दिसू लागला की वडिलांचाही तसा नव्हता. तो मी ओढून बघितला नाही. काहून बघितला नाही ते मला ठाऊक होतं.

दसऱ्याला शिवेवर सगळं गाव होतं. कमठा बघून लोक म्हणाले, वा. मी बाण लावला. दोरी निम्मीही मागं आली नसंल तोच कमठ्याच्या पाठीवर टचकन आवाज झाला, लाकडाची एक सळ उभी राहिली अन् वरचा हात तुटून माझ्या गालावर बसला. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

भावाच्या मोटारसायकलला एक लांब पिशवी बांधलेली होती. मला वाटलं होतं त्यात झेंडा असंल. त्यातून त्यानं विकतचा कमठा काढला.

"दादा, तुमी टाका."

"माझा हात दुखून राहिला."

मग त्यानंच टाकला. बाण दगडावरून गेला अन् तुरीत पडला. लोक आपट्याकडं पळाले. भावानं माझ्या हातात पानं ठेवली, पाया पडला. मी पानं खिशात घातली.

संध्याकाळी पारावर विचारलं, कसा काय मोडला. मी म्हणलं, लाकूडच खोटं निघालं. सगळे म्हणाले, पिळाचं लाकूड ते, किती धरंल, तुमी तर लई केलं. मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी चूल पेटवत होती. टोपल्यात माझे ढलपे होते. धामण आतून तांबूस, सालीकडून पांढरी. तिनं एक पांढरा ढलपा उचलून माझ्यापुढं धरला.

"हे पाठीचं हाय न्हवं?"

मी खाली वाकून चुलीत फुंकर घातली.

"झाडतानाच बघितलं व्हतं म्या. म्हणलं सांगावं. पण तुमी ऐकून कुठं राहिले व्हते." अन् तो तिनं चुलीत सारला.

धामणीच्या बुडख्याला पावसाळ्यात दोन धुमारे आले होते, ते शेळ्यांनी खाल्ले. नंतर काही फुटलं नाही. बांधावर आता धामण नाही. विकतचा कमठा मारुतीच्या देवळात टांगलेला असतो, अन् गेल्या दसऱ्यालाही बाण भावानंच टाकला. मी घरीच होतो.

ते लाकूड खोटं नव्हतं, हे इथं लिहून ठेवलं. पारावर कोणी परत विचारलं तर मी लाकडाचंच नाव सांगीन. माझं मला माहीत आहे.