काळी गळपट्टी

त्या वर्षी थंडी जरा जास्त होती. सिकंदराबादजवळ कुकटपल्लीला आमच्या वसाहतीभोवती तेव्हा बरंच मोकळं रान होतं आणि सकाळी वारा सरळ अंगावर यायचा. शेजारच्या घरातली साडेतीन-चार वर्षांची मुलगी बापाच्या स्कूटरवर पुढे उभी राहून शाळेत जायची. बाप औषधांच्या कारखान्यात होता. नवीन नवीन कारखाने निघत होते, तसल्याच एकात. मुलीचा घसा वरचेवर सुजायचा. आई तिला मफलर गुंडाळून द्यायची आणि ती तो वाटेत सोडून टाकायची. दोन मफलर असे रस्त्यात गेले.

ते तेलुगू होते. तिची आई मला अक्का म्हणायची. आम्ही दोघी हिंदीत बोलायचो, म्हणजे इथल्या हिंदीत. संध्याकाळी मी तिच्या पायरीवर जाऊन बसायची. ती भाजी निवडायची, आत टीव्ही चालू असायचा. तिच्याकडे केबल आली होती, आमच्याकडे नव्हती. मी फार बोलत नसे. पण जायची ती त्या एकाच घरी. दुसऱ्या कोणाकडे जायचं झालं की माझं काही ना काही काम निघायचं.

मला वाटलं, डोक्यातून घालायची गळपट्टी केली तर पोरीला ती सोडता येणार नाही. आता दुकानात तसलं मिळतं, त्याला काही नाव पण आहे. मला विणकाम लग्नानंतर सिकंदराबादला एका बाईंनी शिकवलं होतं. तेवढं एक येत होतं.

डोक्याचं माप हवं होतं. विचारायला संकोच वाटला. मग एकदा पोरीची वेणी घालताना तिचीच रिबीन डोक्याभोवती धरून पाहिली आणि कुठवर आली ते लक्षात ठेवलं. घरी येऊन दोरीवर गाठ मारली. शहात्तर टाके घातले. दोन सुलट, दोन उलट, असंच वर वीतभर न्यायचं आणि मागे शिवायचं. टाके सैल घातले, कारण काठ आवळला तर डोकं आत जात नाही.

लोकर काळी आणली. संक्रांत जवळ होती. आमच्याकडे मुलाची पहिली संक्रांत असली की काळं झबलं शिवतात, हलव्याचे दागिने घालतात. माझ्या दोघांची बोरन्हाणं काळ्या कपड्यातच झाली. काळं ऊब धरतं. त्यापुढे मी विचार केला नाही.

काळ्यावर टाके दिसत नाहीत. दुपारी खिडकीशी बसूनच विणावं लागायचं. मध्ये एक टाका सुटून पाच ओळी खाली गेला होता, तो उचलण्यात एक दुपार गेली.

भोगीच्या दिवशी शेजारणीने बोलावलं. त्यांच्यातही भोगीला मुलांच्या डोक्यावर बोरं, फुलं, उसाचे तुकडे ओततात. मला ते आपल्यासारखंच वाटलं. मुलीला पिवळा रेशमी परकर घातला होता. शेजारणीची सासू सणासाठी गावाहून आली होती. बोरं ओतून झाल्यावर मी ताटलीत तिळाचे लाडू आणि गळपट्टी ठेवून पुढे केली.

सासूने ताटली घेतली, लाडू काढून बाजूला ठेवले आणि गळपट्टी कपाटाच्या वर ठेवली. शेजारणीने मला हळदकुंकू लावलं, पण तिने वर पाहिलं नाही.

घरी सांगितलं तेव्हा आमचे हे जेवत होते. त्यांच्या कामावर सगळे तेलुगूच.

"सणाच्या दिवशी, लेकराला, काळं?" ते म्हणाले. "अगं, ते लोक अशुभ मानतात. विचारायला काय झालं होतं तुला?"

अकरा वर्षं मी या शहरात होते.

दुसऱ्या दिवसापासून मी पायरीवर गेले नाही. भिंतीपलीकडे तिचा आवाज आला की कपडे वाळत घालायचे सोडून आत यायची. संध्याकाळ लांब वाटायची. पोरीचा खोकला ऐकू यायचा. मला वाटायचं, आता ती आजारी पडली तर माझंच नाव येणार.

असे आठ-नऊ दिवस गेले. मग एका सकाळी शेजारीण दारात उभी. कडेवर मुलगी, आणि मुलीच्या गळ्यात ती काळी गळपट्टी. शिवण पुढे आली होती. काठाला चारी बाजूंनी हळदीची बोटं होती.

"अक्का, तुम आते काय कू नै?" ती म्हणाली.

मी दार पूर्ण उघडलं. मग तिनेच सांगितलं. संक्रांतीनंतर तिसऱ्या दिवशी पोरगी फार खोकायला लागली, तेव्हा सासूनेच स्टूल घेऊन ती कपाटावरून काढली, हळद लावली आणि पोरीला घातली. तेव्हापासून पोरगी ती झोपतानाही काढत नव्हती. सासू काल गावी गेली.

"अम्मा बोले, त्योहार के दिन नक्को. त्योहार हो गया तो थंडी किसकू छोडती?" ती हसली. "उनकू बी होना बोले ऐसा. बस में हवा लगती." म्हणजे सासूलाही अशीच एक हवी होती.

मी पोरीच्या गळपट्टीची शिवण फिरवून मागे केली. हात लागला तर गळा गरम होता, पण तापाने नव्हे, लोकरीने.

मग मी विचारलं, "कौनसा रंग होना?"

ती म्हणाली, पोपटी. म्हाताऱ्या बाईला पोपटी रंग कसा दिसेल असं माझ्या मनात आलं. म्हणून मी परत एकदा विचारलं. पोपटीच, ती म्हणाली. सासूच्या डोक्याचं मापही तिलाच विचारलं.

संध्याकाळी मी विणकाम घेऊन तिच्या पायरीवर बसले. पोपटीवर टाके चांगले दिसत होते.