विहिरीतली खाच

पहाटेची अजान व्हायच्या आत यिद्दिर विहिरीत उतरलेला असे. आमच्या खजुरीच्या गावात विहिरी खोल करायचं काम त्याचं. वर दोर ओढायला मी. बावीस वर्षं.

आमच्याकडे 'जफाफ', म्हणजे दुष्काळ, हा शब्द वाटेल त्याने काढायचा नसतो. पाऊस नसला तर 'आभाळ कोरडं आहे' म्हणतात. जफाफ म्हणायचं ते विहीर खोदणाऱ्याने. त्याने म्हटलं की सगळ्यांच्या पाण्याच्या पाळ्या निम्म्या होतात, भाजीपाला बंद, उरलेलं पाणी फक्त खजुरीला. उशीर झाला तर झाडं मरतात.

तिसऱ्या कोरड्या हिवाळ्यात यिद्दिर मशिदीसमोर म्हणाला, "जफाफ आहे."

म्हाताऱ्या हाजी अल्लालने नुकतेच कांद्याचे वाफे केले होते. तो म्हणाला, "विहिरी आटल्या की पोट कुणाचं भरतं रे?"

"हाजी, उतरून बघा."

"आणि वर कोण ओढणार? तुझाच माणूस ना?"

लोक हसले. मी हसलो नाही, पण संशय मलाही होता. इत्तोबाईच्या विहिरीवर आम्ही रोजावर होतो. दिवसाला दगडमातीच्या चाळीस भरल्या पाट्या वर काढायच्या हा आमचा नेम. आता पंचवीस, त्याही अर्ध्या. दिवस लांबवतोय, असं वाटलं.

चौथ्या दिवशी मी भिंतीतल्या खोबणींत पाय रोवत खाली उतरलो. यिद्दिर गुडघ्यावर बसून छिन्नीने कातळ फोडत होता. मुठीएवढे तुकडे निघत होते. तळहात सोलले होते.

"आलास? पाट्या मोजायला?"

त्याने कंदील भिंतीला लावला. छातीच्या उंचीवर एक खाच होती. मागच्या जफाफात पाणी तिथवर होतं, तेव्हा त्याच्या बापाने पाडलेली. आत पाण्याचा खार साचून दगडासारखा झाला होता. माझ्या नखाला निघेना; खाच जुनीच होती, आजकाल पाडलेली नव्हे. आज पाणी घोट्याएवढं होतं.

"पाणी या खाचेच्या खाली गेल्याशिवाय मी तो शब्द काढत नाही."

वर येऊन मी गावात सांगितलं. हाजी म्हणाला, "तुम्ही दोघे एकाच दोराचे."

काम अकरा दिवस चाललं. सगळी मजुरी घेऊन यिद्दिर बाजाराला गेला आणि सुताराकडून पाठ टेकायची सोय असलेला रुंद लाकडी पाट घेऊन आला. सोबत जाड नवा दोर.

विहिरीच्या काठावर पाटाला दोर बांधून तो म्हणाला, "बसा हाजी. दोर तुमच्या मुलांच्या हातात देतो."

हाजी खाली बराच वेळ होता. वर आला तेव्हा त्याचं एक नख तुटलं होतं.

"जफाफ आहे," तो मुलांना म्हणाला. "कांद्याचं बी परत पोत्यात भरा."

पाट अजून मशिदीत टांगलेला आहे. ज्याला संशय असेल त्याने बसावं.