कावळ्यांसाठी निवडलेलं इंजिन

विमानासाठी इंजिन निवडताना शहाणी माणसं वजन बघतात, ताकद बघतात, हवेत किती भरवशाचं आहे ते बघतात. मी आवाज बघितला. घाटावरचे सगळे कावळे एका दमात उडाले पाहिजेत, एवढा आवाज मला हवा होता. त्याचं कारण माझा थोरला चुलतभाऊ.

आमचं घराणं काशीतलं, घाटावरचं. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धं आणि पिंडदानं करायची, ही पिढ्यांची वृत्ती. बाबांनी ती थोरल्या भावावर सोडली आणि रेल्वेच्या इंजिन कारखान्यात फिटर म्हणून लागले. काकांमागून ती वृत्ती त्यांच्या मुलाकडे आली. तोच हा चुलतभाऊ, आमचा दादा. बाबांनी दर्भ टाकून पाना हातात घेतला, हे दादाने त्यांना कधी माफ केलं नाही. जेवायला बसलं की बाबांच्या नखांकडे बघायचा आणि आपलं पान इंचभर बाजूला सरकवायचा. तेव्हापासून माझ्या मनात त्याचं खातं उघडलेलं होतं.

निवृत्त झाल्यावर बाबांनी विमान बांधायला घेतलं. एका माणसाचं, एकावर एक असे दोन पंख, बसायची जागा उघडी. मी तेव्हा पॉलिटेक्निकमध्ये शिकवत होतो. नकाशे मी आणले, हात बाबांचे. मुन्शी घाटाच्या वरच्या अंगाला, आमच्या घराला लागूनच, एका धर्मशाळेचं मागचं आवार आम्हाला वापरायला मिळालं होतं. भिंतीला लागून एक पिंपळ, भिंतीपलीकडे खाली घाट. सांगाडा झाला, पंखांवर कापड ताणून झालं, त्यावर डोप, म्हणजे कापड ताठ करणारं लाखेसारखं झळझळीत रोगण चढलं. शेजारीपाजारी ‘जहाज बनत हौ’ म्हणत डोकावून जायचे. उडवायच्या सरकारी परवानगीचं रामायण वेगळं, ते इथे नको. आमचं घोडं अडलं होतं ते इंजिनापाशी.

तीन इंजिनं समोर होती. पहिलं नावाड्यांचं, पाण्याच्या पंपाचं डिझेल. घाटावरच्या कितीतरी होड्यांना तेव्हा तेच बसवलेलं असे. बाबांनी ते एकदा उचलून बघितलं आणि म्हणाले, “याच्यापेक्षा म्हैस बांधू पुढे.” दुसरं एका मोडक्या हलक्या विमानातून निघालेलं टू-स्ट्रोक. वजनाने फूल, ताकद पुरेशी, आणि आवाज असा की कानात खिळा ठोकल्यासारखं व्हावं. तिसरं अस्सीकडच्या एका गॅरेजात होतं. फार पूर्वी परदेशी पोरं खुश्कीच्या रस्त्याने एक जर्मन व्हॅन घेऊन आली होती. व्हॅन इथेच टाकून ती कुठेतरी गेली. तिचं इंजिन चार स्ट्रोकचं, हवेने थंड होणारं, चार सिलिंडर दोन्हीकडे आडवे निजलेले. ते टू-स्ट्रोकपेक्षा जड होतं, पण बाबांचा जीव त्याच्यावर जडला.

मी टू-स्ट्रोकच्या बाजूने. वजनाचा हिशोब मांडून मी रोज भांडायचो. बाबांचं एकच उत्तर. “चार स्ट्रोकचं इंजिन मरायच्या आधी खोकतं. माणसाला खाली उतरायला वेळ देतं. टू-स्ट्रोक न सांगता जातं.” शेवटी मी हरलो. व्हॅनचं इंजिन आणायचं ठरलं. गॅरेजवाला म्हणाला, “ई त कब से पड़ल हौ, ले जा.” दोन-चार दिवसांत ठेला घेऊन जायचं, असं आमचं बोलणं झालं होतं.

तेवढ्यात बाबा गेले. दुपारी पंखाच्या तारा ताणत होते, पक्कड खाली ठेवली आणि तिथेच बसले. खोकले नाहीत, हाक मारली नाही. माझ्या वडिलांना टू-स्ट्रोकसारखं जावं लागलं, या गोष्टीचा मला आजही संताप येतो.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवले. विधी सांगायला दादाच होता, दुसरं कोण असणार. कावळा शिवेना. पिंपळावर थवा बसलेला, पण एकही खाली येईना. अशा वेळी घरची माणसं एकेक करून पुढे होतात आणि गेलेल्याची राहिलेली इच्छा बोलून दाखवतात. खरी इच्छा बोलली गेली की कावळा शिवतो, असा समज. आत्या म्हणाली, “वहिनीला आम्ही अंतर देणार नाही.” कावळा नाही. मामा म्हणाले, “लेकाचं लग्न थाटात करू.” कावळा नाही. मी असलं काही मानत नाही. तरी मी पुढे झालो. हात जोडले, तोंड उघडलं. मी म्हणणार होतो, बाबा, तुमचंच इंजिन बसवीन.

दादाने मला हाताने मागे सारलं. “याच्याकडून काय वदवायचं? काकांचा जीव त्या विमानात अडकलाय. बोल सगळ्यांसमोर, विमान मोडून गंगेत सोडतो म्हणून. मग बघ, कावळा येतो की नाही.”

सगळा गोतावळा माझ्याकडे बघत होता. आई पदर तोंडाशी धरून उभी होती. मी म्हटलं, “मोडणार नाही.”

“मग राहा उभा,” दादा म्हणाला. उन्हं डोक्यावर येईपर्यंत त्याने सगळ्यांना ताटकळत ठेवलं. मग दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला लावला आणि हात झटकले. त्यानंतर काशीतल्या कुठल्याही मराठी घरात आम्ही गेलो आणि तो विषय निघाला नाही, असं झालं नाही. बापाला कावळा शिवला नाही. पोराच्या विमानापायी दर्भाचा करावा लागला. हळदीकुंकवाला गेलेली आई एकदा अर्ध्यातून उठून आली आणि पुन्हा कुठे गेली नाही. माझं वाक्य माझ्या तोंडातून हिसकावून घेतलं होतं त्याने, आणि वर आईची वाटही बंद केली. त्या दिवशी मी ठरलेलं इंजिन बदललं.

मी टू-स्ट्रोक आणलं. सायलेन्सर काढून फेकून दिला आणि नुसते आखूड नळ बाहेर काढले. पितृपक्ष आला. गंगा चढलेली, पाणी वरच्या पायऱ्यांपर्यंत, त्यामुळे सगळी श्राद्धं अगदी आमच्या भिंतीखाली चाललेली. दादाचे वर्षाचे चांगले यजमान याच पंधरवड्यात यायचे. मी विमानाची चाकं विटांनी अडवली, शेपूट दोराने पिंपळाला बांधली आणि भिंतीवरून वाकून बघत राहिलो. दादाच्या यजमानाने काकबळी ठेवला. सगळे मान वर करून कावळ्याची वाट बघू लागले. मी इंजिन चालू करायची दोरी ओढली.

काय तो आवाज! धर्मशाळेच्या खिडक्या थरथरल्या, खालून कुणीतरी “अरे बाप रे” केलं, पिंपळ एका क्षणात रिकामा झाला. मी दातओठ खात हसत होतो. मग खाली बघितलं आणि हसू गिळलं. पिंपळावरून उठलेला थवा थेट खाली घाटावर उतरला होता आणि दादाच्या यजमानाच्या पानावर तुटून पडला होता.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. दादाच्या हातून पान ठेवलं की कावळा लगेच येतो, अशी हवा झाली. पुण्याचे, नागपूरचे यजमान दुसऱ्यांना सोडून त्याच्याकडे येऊ लागले. माझ्या पेट्रोलवर दादाची पुण्याई! एक दिवस तर त्याने खालून माझ्याकडे बघून नुसता हात वर केला, चालू कर म्हणून, नावाड्याला खूण करावी तसा. मी त्याच क्षणी इंजिन बंद केलं आणि पुढचे दिवस त्याला हात लावला नाही.

सर्वपित्री अमावास्या आली. पंधरा दिवस गावभर खाऊन खाऊन कावळ्यांची पोटं फुटायला आलेली. पान ठेवलं तरी बघेनात. दादाचा त्या दिवशीचा यजमान मोठा होता, सारं कुटुंब घेऊन आलेला, आणि सगळे कोवळ्या उन्हापासून उभे होते. थोड्या वेळाने आवाराचं दार वाजलं. दादा स्वतः वर आला होता, घामाने गंध ओघळलेलं.

“अरे, जरा चालू कर तुझं मशीन. यजमान परेशान झालेत.”

मी स्टुलावर बसून होतो. उठलो नाही. “करतो. पण आधी खाली जाऊन सगळ्यांसमोर सांगा, दादा. माझ्या काकांचा जीव कशात अडकला नव्हता, मी उगाच बोललो, असं सांगा.”

“शास्त्राची गोष्ट आहे ती. तुझ्या-माझ्या मर्जीची नाही.”

“मग हीसुद्धा मर्जीची नाही. टू-स्ट्रोक आहे. न सांगता बंद पडतं.”

मी असा मोका किती दिवस मनात घोळवला होता, ते त्याच्या लक्षात आलं असावं. तो वळला तेव्हा मी मागून म्हटलं, “दर्भाचा कावळा करा ना. तुम्हाला सवय आहे.”

भिंतीवरून मी सगळं बघितलं. त्याने दर्भाचा कावळा केला. यजमानाच्या आईने डोळ्याला पदर लावला, यजमानाचा चेहरा उतरला, आणि जाताना तो दादाच्या पाया न पडता गेला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण पोट भरलं नाही. आई त्या दिवशीही घरातच बसून होती.

टू-स्ट्रोकचं काम झालं होतं. त्याच्याकडे बघितलं की मला आता बाबांचं जाणंच आठवायचं. मी ते उतरवलं आणि अस्सीला जाऊन व्हॅनचं इंजिन ठेल्यावर घालून आणलं. थंडीभर त्याला विमानाच्या नाकावर बसवत होतो. जिथे अडायचो तिथे बाबांनी आधीच खडूने खूण करून ठेवलेली सापडायची. इंजिन आणायचं ठरल्या दिवशीच त्यांनी त्या करून ठेवल्या असणार.

होळी होऊन गेल्यावर एका सकाळी मी प्रोपेलर हाताने फिरवला. इंजिन दोनदा खोकलं आणि चालू झालं. जाड, सावकाश, एकसारखा आवाज. आई स्वयंपाकघर सोडून आवाराच्या दारात येऊन उभी राहिली होती. मी पिंपळाकडे बघितलं. एकही कावळा हलला नव्हता.

पुरेसं चालवून मी इंजिन बंद केलं. प्रोपेलर थांबतो न थांबतो तोच एक कावळा फांदीवरून सुटला आणि वरच्या पंखावर, बरोबर इंजिनामागे, येऊन बसला. त्याने मान तिरकी करून खाली बघितलं. मग चोच कापडाला टेकवली.

एरवी मी त्याला धोंडा मारला असता, डोप चढवलेल्या कापडाला भोक पडतं. आईने दारातच हात जोडले. मी भिंतीकडे धावलो. खाली दादा कुणा यात्रेकरूंना संकल्प सांगत बसला होता, भोवती आमच्यातल्या दोन-चार घरांतली माणसं होती. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडलो, “दादा, वर या! बाबांना कावळा शिवलाय!”